नवा करार कळायचा असेल तर जुन्याची पानं कशी उलटायची: स्टेप बाय स्टेप

बायबलातला नवा करार उघडला की पहिल्याच पानावर गाडी अडते, कारण मत्तय सुरुवात करतो ती वंशावळीने. अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका झाला, आणि आपण काय करतो तर सरळ पान उलटून बेथलेहेम गाठतो. पण त्याच कंटाळवाण्या यादीत तामार आहे, राहाब आहे, रूथ आहे, आणि एक बाई तर नाव न घेता नुसती 'उरीयाची बायको' म्हणून आलीय. या चौघींच्या कहाण्या उत्पत्ति ३८, यहोशवा २, रूथचं पुस्तक आणि २ शमुवेल ११ मध्ये आहेत, आणि त्या वाचून परत मत्तयकडे आलात की कळतं की हा माणूस नावं भरत बसलेला नाही. परक्या बायका, अडचणीतल्या बायका, राजाने दुसऱ्याच्या घरात घातलेला हात, सगळं त्याने मुद्दाम ठेवलंय.

मुद्दा एवढाच की नवा करार लिहिणारे आणि त्याचे पहिले वाचक दोघंही हिब्रू शास्त्र, म्हणजे आपण ज्याला जुना करार म्हणतो ते, ऐकत मोठे झालेले. आपल्यात कोणी नुसतं 'पावनखिंड' म्हटलं की बाजीप्रभू, पावसाळी रात्र, तोफांचे आवाज सगळं आपोआप डोळ्यापुढे येतं, कोणाला समजवावं लागत नाही, त्यांचंही तसंच होतं. ते अर्धी ओळ टाकून पुढे जातात आणि बाकीचं ऐकणाऱ्याला पाठ आहे हे धरूनच चालतात. आपल्याला पाठ नाही, म्हणून मग हा सगळा खटाटोप.

मी दादरला एका छोट्या अभ्यासगटात बसतो, त्यात वसईचे कॅथलिक आहेत, नगरकडून आलेल्या प्रॉटेस्टंट घरांतले आहेत, दोघं-तिघं नुसते कुतूहल म्हणून येतात, आणि सगळ्यांचा घोळ एकाच जागी होतो. म्हणून आम्ही जी पद्धत वापरतो ती इथे सविस्तर लिहितोय.

आधी सामान

फार काही लागत नाही. तळटीपांमध्ये संदर्भ दिलेलं मराठी बायबल, एक वही, आणि शक्यतो दुसरं एखादं भाषांतर मोबाईलवर. वहीत पानाच्या मधोमध रेघ मारा, उजवीकडे नवा करार डावीकडे जुना. फक्त मोबाईलवर करायचं म्हणाल तर होतं, पण दोन अध्याय शेजारी शेजारी दिसत नाहीत, सारखं मागे-पुढे करावं लागतं आणि लोकलच्या गर्दीत तर विसराच.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो नाहीतर उगाच डोकं फिरेल. पुस्तकांची संख्या आणि नंबर सगळीकडे सारखे नसतात. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं, कॅथलिकमध्ये ७३. यहुदी लोकांच्या हिब्रू बायबलमध्ये २४ मोजतात, पण मजकूर प्रॉटेस्टंट जुन्या कराराच्या ३९ पुस्तकांचाच आहे, फक्त मोजणी आणि क्रम वेगळा. आपल्याकडे जुना करार मलाखीवर संपतो, त्यांच्याकडे 'इतिहास' नावाच्या पुस्तकावर. स्तोत्रांचे नंबर जुन्या कॅथलिक पुस्तकांत बऱ्याच ठिकाणी एकाने मागे असतात, म्हणजे आपलं २२ वं स्तोत्र तिथे २१ वं. योएलला आपल्याकडे ३ अध्याय, हिब्रूत ४. तेव्हा रेफरन्स जुळला नाही तर लगेच कोणी चुकलं असं समजू नका, एक पाऊल मागे-पुढे बघा.

त्या क्रमाचा एक गमतीचा उपयोग पण आहे. मत्तय २३:३५ (म्हणजे अध्याय २३, वचन ३५) मध्ये येशू हाबेलाच्या रक्तापासून जखऱ्याच्या रक्तापर्यंत असं म्हणतो. हाबेल उत्पत्तिमधला, पहिल्या पुस्तकातला. मंदिराच्या अंगणात मारला गेलेला जखऱ्या २ इतिहास २४ मधला, म्हणजे हिब्रू क्रमाने शेवटच्या पुस्तकातला. पहिल्या खुनापासून शेवटच्या खुनापर्यंत असा तो अर्थ, असं बरेच अभ्यासक मानतात, आणि आपल्या क्रमाने वाचलं तर हे लक्षातच येत नाही.

स्टेप १: उल्लेख कुठल्या जातीचा ते ओळखा

काही ठिकाणी लेखक सरळ सांगतो, 'असं लिहिलंय', 'संदेष्ट्याच्या द्वारे सांगितलं ते पूर्ण झालं'. हे सोपं. काही ठिकाणी तो सांगत नाही पण शब्द उचलतो, उदाहरणार्थ मार्क १२ मध्ये द्राक्षमळ्याचा दाखला, कुंपण, कुंड, माळा, हे सगळं यशया ५ मधून आलेलं सामान आहे आणि यशयाने तिथे उघडच म्हटलंय की द्राक्षमळा म्हणजे इस्राएल. आणि काही ठिकाणी शब्दही नसतात, नुसता घटनांचा साचा असतो.

हा तिसरा प्रकार सगळ्यात जास्त निसटतो. मत्तयचे पहिले काही अध्याय घ्या. बाळांना मारणारा राजा, मिसर देशातून परत येणं, मग पाणी, मग रानात ४० दिवस, मग डोंगरावर बसून शिकवण. निर्गम वाचलेल्या माणसाला हे लगेच ओळखीचं वाटणार. मत्तय २:१५ मध्ये होशेय ११:१ चं वचन येतं, मिसरातून मी माझ्या पुत्राला बोलावलं, आणि होशेय उघडून बघाल तर तिथे 'पुत्र' म्हणजे इस्राएल राष्ट्र, मागे घडून गेलेली गोष्ट, भविष्य वगैरे काही नाही. नवीन माणूस इथे गडबडतो की मत्तयने हे कसं काय लावलं. पण साचा डोक्यात असेल तर लागतं, तो सांगतोय की इस्राएलची गोष्ट या एका माणसात परत घडतेय.

आणि ४ थ्या अध्यायात तर त्याने चावीच दिलीय. सैतानाच्या तिन्ही परीक्षांना येशूची तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातून येतात, ८:३, ६:१६ आणि ६:१३. अनुवादाचे हे अध्याय कशाबद्दल आहेत? रानातल्या ४० वर्षांबद्दल, भाकरीसाठी केलेली कुरकुर, मस्सा इथे पाण्यावरून देवाची घेतलेली परीक्षा, दुसऱ्या देवांच्या मागे लागणं. जिथे ते घसरले तिथेच हा उभा राहतो. बरं सैतान पण शास्त्रच सांगतो, ९१ वं स्तोत्र, त्यामुळे नुसतं वचन फेकता येणं म्हणजे शास्त्र कळणं नाही हेही तिथेच लिहून ठेवलंय.

स्टेप २: वचन सापडलं की थांबू नका, अख्खा अध्याय वाचा

संपूर्ण लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर ही स्टेप ठेवा, म्हणून इथे जरा वेळ घेतो.

मार्क ११ उघडा. येशू मंदिरात जातो, सराफांचे चौरंग उलटवतो आणि म्हणतो की माझं घर सगळ्या राष्ट्रांसाठी प्रार्थनेचं घर, तुम्ही त्याची लुटारूंची गुहा केलीत. आपण ऐकतो ते प्रवचन बहुतेक वेळा देवळातला धंदा, भाव वाढवणं, भाविकांना लुबाडणं यावर असतं. ठीक आहे, पण आता मागे चला. पहिला भाग यशया ५६:७, दुसरा यिर्मया ७:११.

यिर्मया ७ पूर्ण वाचा, फार मोठा नाही, चर्चगेटवरून दादर येईपर्यंत आरामात होतो. यिर्मया मंदिराच्या दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगतोय. लोक काय म्हणतायत? परमेश्वराचं मंदिर, परमेश्वराचं मंदिर, परमेश्वराचं मंदिर, तीनदा, मंत्रासारखं. म्हणजे मंदिर आहे ना, मग आपल्याला काही होत नाही. आणि तो म्हणतो, तुम्ही परदेशी, अनाथ, विधवा यांना छळता, चोरी, खून, व्यभिचार, खोट्या शपथा सगळं करता, आणि मग इथे येऊन उभं राहून म्हणता आम्ही सुटलो. गुहा हा शब्द इथे येतो. लुटारू गुहेत बसून लूट करत नाहीत हो, लूट बाहेर होते, गुहा लागते ती नंतर लपायला! मग पुढच्याच ओळीत तो म्हणतो शिलोला जाऊन बघा, तिथेही एकदा माझं ठिकाण होतं, त्याचं मी काय केलं. इसवी सन पूर्व ५८६ मध्ये बाबिलोनच्या सैन्याने ते मंदिर खरंच जाळलं.

आता मार्ककडे परत या. मंदिराच्या प्रसंगाच्या आधी अंजिराचं झाड, आणि नंतर तेच झाड मुळापासून वाळलेलं. यिर्मया ८:१३ मध्ये अंजिराला अंजीर राहिलं नाही असं आहेच. १२ व्या अध्यायाच्या शेवटी विधवा आपली सगळी पुंजी मंदिराच्या पेटीत टाकते, त्याच्या जरा आधी विधवांची घरं गिळणाऱ्यांबद्दल बोलून झालंय, आणि १३ व्या अध्यायात, या दगडावर दगड राहणार नाही. सगळं एका धाग्यात येतं. भाव वाढवण्याबद्दलचं प्रवचन चूक नाही, पण फार छोटं आहे, येशू इथे यिर्मयाच्या जागी उभा राहून अख्ख्या मंदिराबद्दल बोलतोय. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने दुसरं मंदिरही पाडलं, आणि मार्क साधारण त्याच काळाच्या आगेमागे लिहिला गेला असं बहुतेक अभ्यासक धरतात.

यशया ५६ पण सोडू नका. तिथे परदेशी माणूस आणि षंढ यांना देव म्हणतो की माझ्या घरात तुम्हाला जागा आहे. मग प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये कूशी षंढ यरुशलेमहून परत जाताना रथात यशया ५३ वाचत बसलेला भेटतो. तसंच पुढे वाचत गेला असता तर तीन अध्यायांवर त्याचं स्वतःचंच पान होतं. लूक हे बोलत नाही, पण मला तरी तो योगायोग वाटत नाही.

२२ व्या स्तोत्राचंही असंच, पण ते बहुतेकांना माहीत असतं म्हणून थोडक्यात. वधस्तंभावरची हाक पहिल्या ओळीची, कपड्यांवर चिठ्ठ्या टाकणं १८ व्या ओळीतलं, डोकी हलवून टिंगल करणं ७ व्या. शेवटपर्यंत वाचा, २२ व्या ओळीनंतर सूर पार बदलतो.

स्टेप ३: लेखकाने काय जोडलं आणि कुठे थांबला ते बघा

मार्कच्या पहिल्याच वाक्यांत 'यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात' असं म्हणून जे येतं त्यातला पहिला भाग यशयात नाहीच, तो मलाखी ३:१ आणि थोडा निर्गम २३:२० मधला, यशया ४०:३ त्याच्या मागून येतो. मत्तय २७:९ मध्ये यिर्मयाचं नाव घेऊन ३० रुपयांची गोष्ट येते ती मुख्यतः जखऱ्या ११ मधली. याला चूक म्हणून सोशल मीडियावर रोज कोणीतरी स्क्रीनशॉट टाकतं. त्या काळी दोन-तीन वचनं ओवून एकाच संदेष्ट्याच्या नावावर सांगायची पद्धत होती, एवढं माहीत असलं की वाद घालण्यापेक्षा ती का ओवली हे बघण्यात जास्त मजा आहे.

थांबण्याचं उदाहरण म्हणजे लूक ४. नासरेथच्या सभास्थानात येशू यशया ६१ वाचतो, दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, मधे यशया ५८ मधली एक ओळही येते, आणि 'परमेश्वराच्या प्रसादाचं वर्ष' इथे ग्रंथपट गुंडाळून देऊन टाकतो. यशया उघडा, वाक्य तिथे संपलेलं नाही! पुढे आहे 'आमच्या देवाचा सूड घेण्याचा दिवस'. तेवढं वाचलं नाही. लोक आधी खूष आहेत, मग तो सारफथची विधवा आणि अरामी नामान यांची आठवण काढतो, दोघंही परके आणि देवाची मदत झाली ती त्यांना, १ राजे १७ आणि २ राजे ५, आणि लोक त्याला कड्यावरून ढकलायला निघतात. जुन्या गोष्टी माहीत नसतील तर हा राग कुठून आला ते कळतच नाही.

स्टेप ४: जुन्याला त्याच्या काळात राहू द्या

हे सगळ्यात अवघड जातं. व्हॉट्सॅपवर एक यादी फिरते, ख्रिस्ताबद्दलच्या एवढ्या भविष्यवाण्या, एवढ्या पूर्ण झाल्या, एका बाजूला वचन दुसऱ्या बाजूला वचन. त्या यादीचा तोटा हा की जुनं पुस्तक नुसतं पुराव्यांची पेटी होऊन बसतं. यशया ७ वाचताना आधी विचारा, आहाज राजाला त्या दिवशी काय ऐकू आलं? दोन शेजारी राजे चाल करून येतायत, तो घाबरलाय, त्याला चिन्ह दिलं जातंय की एक मूल जन्माला येईल. ते मूल मोठं होईपर्यंत हे दोन राजे राहणार नाहीत, हा त्याच्यासाठीचा निरोप. मत्तयने त्यात पुढे अजून काय पाहिलं ते नंतर, आधी आहाजचं होऊ द्या.

यासाठी तारखा तीन-चारच पुरतात. इसवी सन पूर्व ७२२, अश्शूरने उत्तरेचं राज्य संपवलं. ५८६, यरुशलेम पडलं. ५३८ च्या सुमारास बंदिवासातून परतायची परवानगी. आणि मग इसवी सन ७०. वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि संदेष्टा उघडला की तो यातल्या कुठल्या तारखेच्या आगेमागे बोलतोय ते आधी ठरवा.

आणि हे शास्त्र आजही ज्यांचं आहे ते लोक आपल्याच शहरात, आपलीच भाषा बोलणारे आहेत. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. दिवेकर, पेणकर अशी आडनावं, कोकणातली गावं नावात. मांडवीला सॅम्युअल स्ट्रीटवर शआर हारहमीम हे १७९६ चं सिनेगॉग आहे, सॅम्युअल एझेकिएल दिवेकरांनी बांधलेलं, मशीद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. त्यांची परंपरा अशी की कोकणात आल्यावर ग्रंथ राहिले नाहीत, बऱ्याच प्रार्थना विसरल्या, पण शब्बाथ टिकला आणि 'शेमा' टिकला. शेमा म्हणजे अनुवाद ६:४, हे इस्राएला ऐक. आता मार्क १२:२९ उघडा. सगळ्यात मोठी आज्ञा कोणती असं विचारल्यावर येशू जे म्हणतो ते हेच, आणि जोडीला लेवीय १९:१८, शेजाऱ्यावर प्रीती कर. कित्येकांना वाटतं ही नवी शिकवण, जुना करार म्हणजे फक्त राग आणि शिक्षा. लेवीय १९ एकदा वाचा, शेताच्या कडा गरिबांसाठी सोडा, मजुराची मजुरी रात्रभर ठेवू नका, सगळं आहे तिथे. जुना करार फेकून द्या म्हणणारा मार्सियोन दुसऱ्या शतकात रोममध्ये होऊन गेला, चर्चने त्यालाच बाहेर काढलं.

त्यामुळे यशया ५३ वर, म्हणजे दुःख सोसणाऱ्या सेवकाच्या अध्यायावर, बोलताना आमच्या गटात नियम आहे, यहुदी वाचन पण मांडायचं. त्या वाचनात सेवक म्हणजे इस्राएल राष्ट्र, आणि यशया ४९:३ मध्ये तसं शब्दशः म्हटलंय. ख्रिस्ती वाचन, म्हणजे सेवक हा येशू, कृत्ये ८ मध्ये आहे. दोन्ही नीट मांडा, मग बोला. 'त्यांना कळलंच नाही' हे वाक्य आमच्याकडे चालत नाही.

स्टेप ५: रोजच्या वाचनात बसवा

कॅथलिक असाल तर अर्धं काम रविवारीच होतं. १९६९ पासूनच्या वाचनक्रमात तीन वर्षांचं चक्र आहे आणि सामान्य काळात पहिलं वाचन त्या दिवसाच्या शुभवर्तमानाला जुळेल असंच निवडलेलं असतं. मिस्साला जाण्याआधी दोन्ही वाचा आणि स्वतःला विचारा, ही दोन का जोडली? पुनरुत्थान काळात पहिलं वाचन प्रेषितांच्या कृत्यांतून असतं, तेव्हा जोडी शोधत बसू नका.

बाकीच्यांनी सरळ उत्पत्तिपासून सुरू केलं तर लेवीयपर्यंत बहुतेक जण गळतात, हे मी बघितलंय. त्यापेक्षा उत्पत्ति १ ते २२, निर्गम १ ते २० आणि २४, लेवीय १६ आणि १९, अनुवाद ६ ते ८, २ शमुवेल ७, स्तोत्रं २, २२, ११० आणि ११८, यशया ४० ते ५५, यिर्मया ७ आणि ३१, दानीएल ७, जखऱ्या ९ ते १४. एवढं झालं की नव्या करारातले निम्म्याहून जास्त इशारे पकडता येतात असा माझा अंदाज. यातलं ११० वं स्तोत्र आणि लेवीय १६ इब्री लोकांस पत्राच्या आधी वाचाच, नाहीतर ते पत्र डोक्यावरून जातं. यिर्मया ३१ मध्ये 'नवा करार' ही कल्पनाच आहे, आणि इब्री ८ मध्ये ती अख्खी उतरवलीय, नव्या करारातलं जुन्यातलं सगळ्यात लांब अवतरण तेच.

प्रकटीकरण मात्र शेवटी घ्या, कितीही खाज सुटली तरी. ४०४ वचनं आहेत आणि 'असं लिहिलंय' म्हणून एकही सरळ उतारा नाही, पण पानोपानी निर्गम, यहेज्केल, दानीएल, जखऱ्या. बातम्यांशी जुळवत बसण्याआधी फक्त ४ था अध्याय घ्या, शेजारी यशया ६ आणि यहेज्केल १ उघडा. सहा पंख आणि 'पवित्र, पवित्र, पवित्र' यशयाकडून आलेत, सिंह, बैल, माणूस, गरुड यहेज्केलकडून. पण यहेज्केलच्या प्रत्येक प्राण्याला चार तोंडं होती, इथे प्रत्येकाला एकच दिलंय. ते असं का केलं असेल यावर आमचं अजून एकमत नाही, तुम्हाला काही सुचलं तर वहीत उजव्या बाजूला लिहा.